एक्कावन्न रुपयांचा बडग्या

रुपराव निनाव्यांकडे घोडा नव्हता, पण खोगीर होतं.

टांगा नव्हता, पण टांग्याची पितळी बत्ती होती. गाणं येत नव्हतं, पण बाजाची पेटी होती, तिचे तीन सूर मुके होते ते सोडा. नागपूरच्या इतवारीत भाड्याच्या दोन खोल्या, त्यांत नवरा, बायको अन् दोन पोरी. डोक्यावर लाकडी माळा. तो रुपरावांच्या खरेदीनं असा वाकला होता की खाली झोपणाऱ्यानं रामाचं नाव घेऊनच डोळे मिटावे.

"अवो, घोडं कुठं आहे?" खोगीर आणलं त्या दिवशी सुभद्रानं विचारलं होतं.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतेत ना लोकं? उद्या खरंच धाडलं तं? आपल्यापाशी खोगीर तयार."

थोरली पोरगी तेव्हा सहावीत होती. व्याह्याचा अजून पत्ता नव्हता.

तसे रुपराव वाईट माणूस नव्हते. दारू नाही, जुगार नाही, पानसुद्धा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. कापडाच्या मिलमध्ये टाइम ऑफिसात कारकून, महिन्याला चारशे दहा रुपये. दुसऱ्यांच्या उशिराचा मिनिट न् मिनिट ते टिपून ठेवत. स्वतःच्या पगाराचं मात्र असं की सात तारखेला आला अन् सतरा तारखेला कुठे गेला, हे त्यांना कुणी गीतेवर हात ठेवून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

खोगिराचंच घ्या. विकणाऱ्यानं बावीस सांगितले. रुपराव पुढे निघाले. तो मागून ओरडला, "शेठ, तुमच्यासाठीच ठेवलं होतं, चौदा द्या!" झालं. बावीसची वस्तू चौदाला, म्हणजे आठ रुपये वाचले. हे वाचलेले आठ रुपये त्यांनी घरी येऊन सुभद्राला मोठ्या तोंडानं सांगितले. त्या आठ रुपयांचा किराणा कुठल्या दुकानात मिळतो, ते काही सांगितलं नाही.

एकदा त्यांना पश्चात्ताप झाला. खरा, डोळ्यांत पाणी आणणारा पश्चात्ताप. त्यांनी ठरवलं, आता बचत. तडक कुंभाराकडे गेले आणि मातीचं गुल्लक घ्यायचं म्हणून सात गुल्लकं घेऊन आले. सात घेतली की एकावर आठ आणे सूट होती. प्रत्येकात एकेक दहा पैशाचं नाणं टाकलं, सातही माळ्यावर ठेवली आणि बचत केल्याच्या आनंदात पोरींसाठी संत्राबर्फी आणली. आता बोला!

हा रोग कुठून लागला, ते रुपरावांना चांगलं ठाऊक होतं, पण ते कुणाला सांगत नसत. सात वर्षांचे असताना तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचा बैल पाहायला ते वडलांचं बोट धरून बाजारात गेले होते. वडील हातमागावर लुगडी विणत, बैल घेण्याची ऐपत नव्हती, नुसता दाखवायला आणला होता. रुपरावांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि दुकानदार खेकसला, "ए पोट्ट्या, पाह्य फक्त. हात लावाले शेठ व्हा लागते." वडलांनी नुसतं पोराचं बोट ओढलं. ती शरम रुपरावांच्या हाताला चिकटली ती चिकटलीच. पुढे जो कुणी त्यांना 'शेठ' म्हणाला, त्याचं त्यांनी सगळं दुकान उचललं. घासाघीस त्यांनी जन्मात केली नाही. शेठ माणूस कुठं घासाघीस करतो?

सुभद्राचं मागणं एकच होतं. त्या दोन खोल्यांत तिची चूल दाराच्या मागे होती. पोळी लाटायला बसली की येणारा-जाणारा दार उघडी आणि दार तिच्या पाठीत बसे. दूधवाला आला, धप्प. पोरी शाळेतून आल्या, धप्प. चौदा वर्षं तिनं पाठीत दार खाल्लं होतं.

"मले सोनं नको, लुगडं नको," ती म्हणे. "मले अशी सैपाकखोली पाहिजे की दोन्ही कोपरं फाकवून पोळी लाटता आली पाहिजे. बस."

त्यासाठीच तिनं बेस्याला प्लॉट ठरवला होता. तेव्हाचं, म्हणजे अठ्ठ्याहत्तर सालचं बेसा म्हणजे तुरीची शेतं, बाभळी आणि संध्याकाळी कोल्हेकुई. शेतमालक महादेवराव, धोतर नेसणारा, मोजकं बोलणारा गडी. पंधराशे फूट जागा, फुटाला एक रुपया. तीन-तीनशेचे पाच हप्ते. चार हप्ते सुभद्रानं कसे भरले ते तिला अन् देवाला माहीत. एका हप्त्यात तिच्या पाटल्या गेल्या होत्या. पाचवा हप्ता मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, द्यायचा होता. महादेवराव दरवर्षी मारबत पाहायला सायकलवर शहरात येत, तेव्हाच पैसे घेऊन जाणार होते. "आणखी एक पार्टी रोख घेऊन दारात उभी आहे," हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

म्हणून त्या वर्षी सुभद्रानं रुपरावांना बांधूनच टाकलं. पगाराच्या दिवशी ती मिलच्या फाटकावर जाऊन उभी राहू लागली. सगळी पाळी सुटताना पाहत असे, अन् त्या गर्दीतून रुपराव लिफाफा हातात धरून शाळकरी पोरागत येत. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे तिनं लाल दोऱ्यानं शिवून टाकले. दुकानदारांनी उधार द्यायला सुरुवात केली, तर ती दुकानादुकानांत जाऊन सांगून आली, "यायले उधार द्यान तं वसूल तुमच्या बापाकडून करजा."

चार महिने रुपरावांनी एक वस्तू घेतली नाही. एक! या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान वाटला की चौथा महिना भरल्यावर त्यांनी ऑफिसातल्या अकरा जणांना समोसा अन् चहा पाजला. उधारीवर. मिलच्या कँटीनमध्ये सुभद्रा पोचली नव्हती.

पोळ्याच्या चार दिवस आधी मिलनं सणाची उचल दिली, तीनशे रुपये. त्या दिवशी सुभद्राला फाटकावर येता आलं नाही, धाकटीला ताप होता. तिनं सकाळीच नवऱ्याच्या बंडीला आतून खिसा लावला आणि बजावलं, "पैसे यात टाका, वरून सुईदोरा मारा. सुई तुमच्या टोपीत खोचली आहे. अन् सरळ घरी या."

रुपरावांनी तसंच केलं. ऑफिसच्या संडासात उभं राहून त्यांनी स्वतःचा खिसा स्वतः शिवला, बोटात दोनदा सुई घुसवून घेतली आणि निघाले. भांड्यांची ओळ आली, मान खाली. घड्याळवाला "शेठ!" म्हणाला, रुपरावांनी कानात बोटं घातली. छत्रीवाल्याच्या समोरून तर ते चक्क पळाले. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा त्यांना वाटलं, आपला सत्कार व्हायला पाहिजे.

आणि तिथेच शालिकराम पेंटर बसला होता, पावतीबुक घेऊन.

शालिकराम दुकानांच्या पाट्या रंगवी आणि दरसाल गल्लीचा बडग्या बनवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पिवळी मारबत निघते, काळी मारबत निघते, अन् त्यांच्या मागून गल्लोगल्लीचे बडगे. बांबू-कागदाचे मोठाले पुतळे. ज्याचा लोकांना वैताग आला असेल त्याचा बडग्या करायचा, शिव्या देत मिरवायचा अन् शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचा. इडापिडा जावो.

"या रुपरावभाऊ," शालिकराम म्हणाला. "यंदाचा बडग्या असा होऊन राहिला ना, अख्खी इतवारी पाहीन. पण बांबूले पैसे कमी पडून राहिले. लोकं दोन-दोन रुपये टेकवून राहिले."

"माह्यापाशी काही नाही गा," रुपराव म्हणाले. खरंच म्हणाले!

"जाऊ द्या मंग. सगळ्यात मोठी पावती अकराची फाटली आहे. आपल्या गल्लीचा नियम तं तुमाले मालूम आहे. ज्याची वर्गणी सगळ्यात जास्त, बडग्या कायचा करायचा ते त्यानं ठरवायचं. मले वाटलं होतं, यंदा तुमी ठरवसान. शेठ माणूस."

शेठ माणूस! रुपरावांचा हात कधी बंडीत गेला ते त्यांना कळलं नाही. शिवण दातानं तोडली. नोटा निघाल्या. अकरा ही काय वर्गणी झाली? एकवीस? छे. एक्कावन्न दिले. पावतीवर नाव वळणदार अक्षरात लिहून घेतलं.

"बोला, कायचा करू बडग्या?"

रुपरावांनी छाती पुढे काढली. "असा करा की जिच्यानं घरोघरच्या लक्षुमीले त्रास होते, ते पीडा जळून गेली पाहिजे!"

"वा! क्या बात है!" शालिकराम म्हणाला. सगळ्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या घराच्या दारापर्यंत रुपरावांच्या कानात वाजत होत्या. दार उघडलं, धप्प, सुभद्राच्या पाठीत बसलं, आणि टाळ्या बंद झाल्या.

सुभद्रानं नोटा मोजल्या. परत मोजल्या. दोनशे एकोणपन्नास.

रुपरावांनी पावती पुढे केली. काय करणार? खोटं बोलायचीही एक अक्कल लागते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. पावती वाचली, घडी केली आणि डाळीच्या डब्यात ठेवली. "एक्कावन्न रुपये कुठून आणायचे ते तुमी पाहा," ती म्हणाली. "या बारीनं माह्यापाशी पाटल्या नाही."

दुसऱ्या दिवशी रुपराव गोविंदा कबाड्याकडे गेले. माळ्यावरचं सगळं सांगितलं: खोगीर, बत्ती, पेटी, चार छत्र्या, गुल्लकं.

"अडतीस," गोविंदा म्हणाला.

"बत्तीचे?"

"सगळ्याचे."

"अबे, बत्तीच मी अठराले घेतली!"

"तुमी घेतली ना भाऊ, मी कुठं घेतली? बत्तीचे अडीच."

रुपरावांचा असा अपमान उभ्या जन्मात झाला नव्हता. ते तरातरा घरी आले. अडतीसला विकणार नाही म्हणजे नाही! मग दोन दिवस त्यांनी ऑफिसात उसने मागून पाहिले. ज्या अकरा जणांनी समोसे खाल्ले होते, त्यांतल्या एकाकडेही पैसे नव्हते. पोळा उजाडला, मावळला. मारबतीच्या सकाळी त्यांनी हार मानली. अडतीस तर अडतीस, वरचे तेरा महादेवरावांच्या पाया पडून मागू. शिडी लावली अन् माळ्यावर चढले.

माळा रिकामा.

"चोर!" रुपराव वरूनच ओरडले. "सुभद्रे, चोर आला होता वं! सगळं धुऊन नेलं!"

"कोन्ता चोर ते नेईन?" सुभद्रा खालून म्हणाली. तिनं पदर खोचला होता, पोरींना न्हाऊमाखू घातलं होतं. "उतरा. मारबत निघाली. महादेवराव चौकात भेटतीन."

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ताशे कडाडत होते. पिवळी मारबत गेली, काळी गेली, बाया-बापड्या लेकरांना खांद्यावर घेऊन पाहत होत्या. "खोकला, खरूज घेऊन जाय गे मारबत!" रुपरावांच्या डोक्यात अडतीस, तेरा, एक्कावन्न असा आकड्यांचा काला झाला होता. तेवढ्यात गल्लीचा बडग्या आला आणि लोक असे हसायला लागले की ताशेवाल्यांचा ठेका चुकला.

दहा फूट उंच पुतळा. पोट सुटलेलं, मिशा पिळलेल्या, डोळे लालची. गळ्यात हात-हातभर अक्षरांची पाटी: 'सस्तं होतं, म्हून घेतलं!'

रुपरावही हसले. किती दिवसांनी हसले! शेजारच्या माणसाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय येडा माणूस आहे गा! कोण आहे हा?"

मग त्यांना पुतळ्याच्या खांद्यावरचं खोगीर दिसलं.

हातात टांग्याची बत्ती. डोक्यावर चारही छत्र्या, उघड्या. पाठीला बाजाची पेटी. कमरेभोवती गुल्लकांची माळ. अंगात त्यांचाच जुना सदरा, त्याचा खिसा लाल दोऱ्यानं शिवलेला अन् त्या दिवशीच्या बंडीसारखा उसवलेला. शालिकराम कलाकार माणूस, त्यानं उसवलेले धागेसुद्धा लोंबते ठेवले होते.

"सस्त्याचा शौक!" पोट्टे ओरडत होते.

"घेऊन जाय गे मारबत!"

रुपरावांनी सुभद्राकडे पाहिलं. ती समोर पाहत होती. "वर्गणी तुमची होती," ती म्हणाली. "ठरवाचा हक्क घरात आला होता. मी जाऊन सांगितलं. लक्षुमीले जिच्यानं त्रास होते ते पीडा, असं तुमीच बोलले होते ना?"

धरणी दुभंगून पोटात घेती तर रुपराव उडी मारून गेले असते. पण धरणी दुभंगली नाही, महादेवराव आले. सायकल हातात धरून, हसून हसून डोळ्यांत पाणी. "बापा बापा बापा! अस्सल बडग्या! कोण्या बहाद्दराचा आहे हो हा?"

आणि शालिकरामनं, गुलालानं माखलेल्या शालिकरामनं, मोठ्या प्रेमानं रुपरावांच्या गळ्यात हात टाकला. "हे काय! हेच मूळ माणूस! अन् वर्गणीही यायचीच, एक्कावन्न!"

महादेवरावांचं हसू हळूहळू आटलं. त्यांनी बडग्याकडे पाहिलं, मग रुपरावांकडे, मग परत बडग्याकडे.

सुभद्रानं पुढे होऊन पुरचुंडी दिली. "दोनशे एकोणपन्नास आहेत. एक महिना थांबा भाऊ. बाकीचे मी सोता आणून देतो."

"बाई, कालपर्यंत विचारलं असतं तं थांबलो असतो," महादेवराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "आता पाहा, गावानं ज्याचा बडग्या काढला त्याले मी उधार देऊ, तं पुढच्या साली माहा बडग्या निघन. पैसा कमी, जागा कमी. फुटाले रुपया ठरला आहे. एक्कावन्न रुपये नाही, एक्कावन्न फूट नाही. रविवारी या, खुट्या मारू."

असं काही होईल हे सुभद्राच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला नवऱ्याला फक्त एकदा आरसा दाखवायचा होता, अन् तो आरसा भलत्याच माणसानं पाहिला होता.

बडग्या जळला तेव्हा रुपराव सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. लोकांना वाटलं, काय खिलाडू माणूस आहे! खिलाडू कशाचा, रडू दाबायला दुसरा उपाय नव्हता.

रविवारी बेस्याला महादेवरावांनी दोरी धरली. मागच्या कोपऱ्यात, विहिरीच्या बाजूनं, तीन फूट रुंद अन् सतरा फूट लांब पट्टी कापली. नेमकी तिथेच सैपाकखोली यायची होती. दुसरीकडे नेता येत नव्हती, पाणी तिकडंच होतं. नऊ फुटांची खोली सहा फुटांची झाली. तिसरी खुटी ठोकली तेव्हा सुभद्रा खाली बसली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसासमोर रडली.

"बडग्या मीच करवला," ती म्हणाली, "अन् तो माह्याच सैपाकखोलीत येऊन बसला."

रुपराव उभे होते. एक्कावन्न रुपये त्यांनी आयुष्यात किती वेळा उडवले असतील, पण एक्कावन्न रुपये किती असतात ते त्यांनी आज पाहिलं. तीन पावलं रुंद नाही, पण एक बाई दोन्ही हात पसरून मावेल एवढे असतात. त्यांना माळ्यावरचं सगळं आठवलं. चौदा फुटांचं खोगीर. अठरा फुटांची बत्ती. चाळीस फुटांची पेटी. आपण एक घर विकत घेऊन माळ्यावर टाकलं आणि जाळलं, असं त्यांना वाटलं.

आठवड्यानं गोविंदा कबाडी दारात. हातात टांग्याची बत्ती, घासून लख्ख केलेली. पुतळा जळला, पितळ काय जळते?

"राखेतून काढली," तो म्हणाला. "शेठ, तुमच्यासाठीच ठेवली. पाच रुपये."

अठराची बत्ती पाचला! तेरा रुपये वाचत होते! रुपरावांचा हात उठला. खोटं कशाला सांगा, उठलाच. बत्तीच्या पितळेला बोट लागलंसुद्धा. आत सुभद्राचं लाटणं थांबलेलं त्यांना ऐकू आलं.

"पाच फूट," रुपराव पुटपुटले.

"काय?"

"नको."

गोविंदानं कान पुढे केला. त्याचा विश्वास बसला नाही. "चार द्या मंग."

"अबे नको म्हणून राहिलो ना!" रुपराव असे ओरडले की शेजारी बाहेर आले. दार लावलं आणि दाराला पाठ लावून बसून राहिले. आत लाटणं परत सुरू झालं.

सात गुल्लकांतलं एक सुभद्रानं बडग्याला दिलं नव्हतं. ते तिनं चुलीशेजारी आणून ठेवलं. त्या दिवशी रुपरावांनी तिच्याकडून पाच रुपये मागून घेतले आणि त्यात टाकले. तिथून तीच रीत पडली. ज्या वस्तूवर जीव जाई तिची किंमत आधी फुटांत करायची, 'नको' म्हणायचं, अन् जमेल तेवढे पैसे गुल्लकात. लोक हसत. छत्रीवाल्यानं "बारा रुपये" म्हटलं की रुपराव "बारा फूट? बाप्पा, एवढ्यात तं मोरी होते!" म्हणत पळत. ऑफिसात त्यांचं नाव 'फूटपट्टी' पडलं. दोनदा घसरले. एकदा काचेचं झुंबर होतं, त्याची गोष्ट न काढलेली बरी.

एक्क्याऐंशी साली मिलच्या सोसायटीचं कर्ज काढून घर बांधलं. सगळं चांगलं झालं. फक्त सैपाकखोलीची एक भिंत तीन फूट आत. पोळी लाटताना सुभद्राचं उजवं कोपर त्या भिंतीला लागे. टक. रुपराव बाहेर ओसरीवर पेपर वाचत असत. टक. पंधरा पोळ्या, पंधरा वेळा. भिंतीवर तेवढ्या जागी तेलकट काळा डाग पडला होता, अन् दर दिवाळीला रुपराव तो स्वतः चुन्यानं रंगवत.

पंच्याऐंशीच्या पोळ्याआधी त्यांनी गुल्लक फोडलं, म्हणजे एक भरलं की दुसरं आणायचं असं चालत आलेलं नववं गुल्लक. पैसे धोतराच्या फडक्यात बांधले आणि महादेवरावांकडे गेले. त्या पट्टीत महादेवरावांची शेळी बांधलेली असे.

"अठरा रुपये फूट चालू आहे आता," महादेवराव म्हणाले.

अन् रुपरावांनी जन्मात पहिल्यांदा घासाघीस केली. त्यांना ती येत नव्हती. आधी चुकून एकोणीस म्हणून बसले. मग शेळीला नावं ठेवली, जमिनीला नावं ठेवली, दोनदा उठून फाटकापर्यंत गेले आणि कुणी हाक मारीना म्हणून आपणच परत आले. चहा गार झाला, दुसरा झाला. शेवटी महादेवराव कंटाळून म्हणाले, "सोळा द्या, पण आता जा."

सोळानं एक्कावन्न फूट. आठशे सोळा रुपये. रुपराव घरी आले तेव्हा सुभद्रा पोळ्या लाटत होती. टक. त्यांनी कागद तिच्यासमोर धरला. तिनं पिठाचे हात पुसले, कागद वाचला, परत वाचला.

"तेव्हा एक रुपया होता," ती म्हणाली.

"होता."

"मंग आता कायले? सस्तं होतं म्हून घेतलं?"

"नाही वं," रुपराव म्हणाले. "महाग होतं. तरी घेतलं."

सुभद्रानं कागद डाळीच्या डब्यात ठेवला. त्यात एक जुनी पावतीही होती, वळणदार अक्षराची.

मारबतीच्या आदल्या रविवारी गवंडी आला. भिंत पडली, तीन फूट मागे सरकून नवी उभी राहिली. शेळी आठ दिवस तिथे येऊन ओरडत होती. चुना सुकायच्या आत सुभद्रा पोळपाट घेऊन बसली, दोन्ही कोपरं मुद्दाम फाकवली आणि लाटायला लागली. रुपराव बाहेर ओसरीवर पेपर उलटा धरून ऐकत होते. पंधरा पोळ्या झाल्या. कोपर कुठंच लागलं नाही.